बसमधली झोप

शीलाताई,

तू गेल्यावरचा तुझा जलदानविधी काल झाला. पिंपरीतल्या तुमच्या विहारात जागा पुरली नाही, माणसं बाहेर चपलांपाशी उभी होती. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. कंपनीतल्या तुझ्या जुन्या सुपरवायझरने तू किती वक्तशीर होतीस ते सांगितलं. शेजारच्या काकांनी, त्यांच्या बायकोच्या आजारपणात तू कशी धावलीस ते सांगितलं. प्रदीपला, तुझ्या भावाला, बोलताच आलं नाही. माइक हातात धरून तो नुसता उभा राहिला आणि खाली बसला.

सगळं खरं होतं. पण तू चित्रं काढायचीस, हे कुणाच्याच बोलण्यात आलं नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं, मी उठले नाही. उठले असते तर श्रद्धांजली बाजूला राहिली असती आणि आपलं अर्धवट राहिलेलं भांडण मी माइकवरून पुढे सुरू केलं असतं. तुझ्या माणसांसमोर ते बरं दिसलं नसतं. म्हणून इथे लिहिते आहे.

आपली ओळख टॉयलेटच्या दारापाशी झाली, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पालिकेच्या नाट्यगृहाशेजारच्या छोट्या दालनात स्थानिक चित्रकारांचं समूह प्रदर्शन होतं. मी रहाटणीत मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते म्हणून आयोजक मला ओळखायचे. पवनेच्या घाटाचं माझं जलरंगातलं चित्र अगदी समोरच्या भिंतीवर होतं. तुझं शेवटच्या कोपऱ्यात, टॉयलेटच्या दाराला लागून. तू खाली स्टुलावर बसून डब्यातली पोळी खात होतीस. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "आयोजकांना सांगू या का? जागा बदलून देतील."

"नको गं," तू म्हणालीस. "इथं रांग लागते. बाकीच्या चित्रांपुढं कुणी एवढा वेळ थांबतंय का, बघ बरं."

मी बघितलं. माझ्या घाटापुढून लोक चालत जात होते, फोन वर करून फोटो काढत होते. तुझ्यापुढे मात्र नाइलाजाने का होईना, माणूस थांबत होता आणि एकदा बघितल्यावर आपला नंबर आला तरी हलत नव्हता.

मीही थांबले. कंपनीची बस होती. पहिली शिफ्ट सुटल्यावरची, दुपारची. डोक्याला स्कार्फ, गळ्यात ओळखपत्र, आणि तिन्ही सीटवरच्या तिघी गाढ झोपलेल्या. खिडकीतून ऊन सरळ तोंडावर येतंय आणि एकीच्याही पापणीला त्याचा पत्ता नाही. चित्र कॅनव्हासवर नव्हतं, फळीवर होतं. रंगाच्या पातळ थराखालून एकीच्या खांद्यावर छत्रीचा शिक्का दिसत होता, यंत्रांच्या खोक्यावर असतो तसा, पाण्यापासून जपा म्हणून सांगणारा.

"ही छत्री मुद्दाम ठेवलीत का?" मी विचारलं.

"वडील कंपनीतून मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणायचे. त्यातली ही. छत्री माझ्या आधीपासून आहे तिथं, मी कशाला पुसू?"

घरी जाताना बसस्टॉपपर्यंत आपण बोलत गेलो आणि तिथे पोचेपर्यंत अहो-जाहो गळून पडलं होतं.

तुमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा तू कपाट पुढे ओढायला लावलंस. मागे आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून फळ्याच फळ्या. तू चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधायच्या कंपनीत होतीस; आधी लाइनवर, मग स्टोअरमध्ये. जातायेता बसमध्ये शेजारणी झोपायच्या आणि तू पेन्सिल काढायचीस. "मला बसमध्ये झोप येत नाही, लहानपणापासून," तू म्हणाली होतीस. "मग काय करणार? जी जागी असते तिला काहीतरी काम लागतं." एकेक फळी भिंतीला लावत तू नावं सांगत गेलीस. ही अमकी, हिचा नवरा पेंटशॉपला. ही तमकी, हिला घोरायची सवय, पण ते चित्रात येत नाही. मी जमिनीवर बसून बघत राहिले. आमच्या वर्गात मी मुलांना सांगायची, चित्रातला माणूस जिवंत वाटला पाहिजे. तुझी माणसं डोळे मिटून पडलेली होती आणि तरी मला वाटत होतं, मोठ्याने बोलू नये.

त्या दिवसापासून मी तुझ्या मागे लागले. हे लोकांनी बघायलाच हवं, हा माझा हेका. आणि मग आपल्याला कळलं की चित्र काढणं सोपं आणि ते टांगायला भिंत मिळवणं अवघड. ढगाळ दिवस बघून आपण फळ्या गच्चीवर नेल्या, वाळत घातलेल्या पापडांना सांभाळत फोटो काढले. गॅलऱ्यांना पाठवले. कुणाचं दालन पुढच्या कितीतरी महिन्यांसाठी भरलेलं, कुणी उत्तरच दिलं नाही, कुणाला आधी चित्रकाराचं निवेदन हवं होतं. निवेदनावरून तर आपण एक अख्खी दुपार भांडलो. मी लिहिलं होतं, श्रम, स्त्री, शहर, असं काहीबाही. तू वाचून कागद परत दिलास. "मंजू, हे कुणाचंय? मी झोपलेल्या बायका काढते, एवढंच लिही." तेवढंच पाठवलं. त्यालाही उत्तर आलं नाही.

इन्स्टाग्रामवर पान काढलं, तर पहिला मेसेज आला की फ्लॅट रंगवून मिळेल का. तू इतकी हसलीस की ठसका लागला. मग पिंपळे सौदागरच्या एका कॅफेवाल्याने दोन चित्रं लावली. आठवडा व्हायच्या आत त्याचा फोन. "मॅडम, चित्रं भारी आहेत, पण गिऱ्हाईक म्हणतंय, कॉफी प्यायला आलो आणि समोर बघून झोप येतीये." आपण दोघी स्कूटरवरून ती परत आणायला गेलो. येताना सिग्नलला तू मागून म्हणालीस, "राव, कॉफीपेक्षा माझी चित्रं कडक निघाली!" मी चिडलेली होते. तू नव्हतीस. असल्या गोष्टींनी तुला कधी कमीपणा वाटलाच नाही. तो तुझा स्वभाव मला तेव्हा आळशीपणा वाटायचा.

आणि मग पुण्यातल्या गॅलरीच्या बाई आल्या. खरोखर घरी आल्या, तुमचे ते अरुंद जिने चढून. त्यांनी घाई केली नाही, मोठे शब्द वापरले नाहीत. छायाच्या, तुझ्या बसमधल्या एका शेजारणीच्या, फळीपुढे त्या खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

छायाचं ते चित्र तुझ्या सगळ्यांत चांगलं होतं. यावर आपलं कधी दुमत नव्हतं. खिडकीच्या काचेला डोकं टेकलेलं, तोंड किंचित उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळेचा एक चमकता ठिपका. आणि डब्याची पिशवी मात्र झोपेतही घट्ट धरलेली. लहान मूल असं झोपतं. मोठं माणूस कुणी बघत नसेल तेव्हाच.

बाईंनी एकटीचं प्रदर्शन द्यायचं कबूल केलं. निमंत्रणावर छायाचंच चित्र छापायचं ठरलं. त्या संध्याकाळी तुझ्या आईने शेवयांची खीर केली. प्रदीपने निमंत्रण सगळ्या ग्रुपवर टाकलं.

तिथूनच ते छायापर्यंत पोचलं.

बाकीच्या बायकांना तू त्यांची चित्रं दाखवली होतीस, त्या हसल्या होत्या, लाजल्या होत्या. छायाने मात्र मधेच कंपनी बदलली होती, तिचं चित्र पूर्ण झालेलं तिने पाहिलंच नव्हतं. रविवारी ती आली तेव्हा मी तिथेच होते, फ्रेमची मापं घेत. ती दारातच उभी राहिली. तू तिला आत घेतलंस, चित्रापुढे बसवलंस. तिने ते बघितलं, पुष्कळ वेळ.

"ताई, चित्र लई चांगलं हाय," ती म्हणाली. "पन हे मी लोकांना दिसू देनार न्हाई."

मी म्हटलं, "अगं, पण यात वाईट काय आहे? उलट..."

"वाईट न्हाई म्हनत मी." ती माझ्याशी न बोलता तुझ्याशीच बोलत होती. "घरात मला झोपल्याली कुनी बघितली न्हाई, ताई. सगळ्यांच्या आधी उठते, सगळे निजले की आडवी व्हते. बसमंदी तेवढा डोळा लागतो. तेवढंच माझं हाय. ते बी भिताडाला लावायचं व्हय?"

तू विचार करायला एक क्षणही घेतला नाहीस. "नाही लावणार," म्हणालीस.

मग मी काय काय बोलले ते तुला आठवत असेल. तिच्यासमोर बोलले नाही, ती गेल्यावर बोलले. चित्र तू काढलंस, तुझं आहे. आयुष्यभर बसमध्ये पेन्सिल घेऊन बसलीस त्याचं हे फळ आहे. चेहरा थोडा बदल, नाक बदल, कुणाला कळणार आहे? तू म्हणालीस, "मला कळेल. आणि चेहरा बदलला तर ती दुसरीच बाई झोपलेली दिसेल, जिला मी पाहिलंच नाही." मी म्हटलं, मोठ्या चित्रकारांनी कुणाकुणाला विचारलं होतं? तू म्हणालीस, "त्यांना परत त्याच बसने जायचं नव्हतं."

गॅलरीच्या बाईंना तूच फोन केलास. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, ते चित्र नसेल तर प्रदर्शन उभं राहत नाही, आपण पुढे कधीतरी बघू. दालनातले तुझे दिवस दुसऱ्या कुणाला मिळाले. मी मापं घेतलेला टेप गुंडाळला आणि घरी आले. दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही.

ताई, मला अजूनही वाटतं की तू चुकलीस. तू गेलीस म्हणून हे मत बदलायला हवं असं मला वाटत नाही, आणि बदललेलं तुला आवडलंही नसतं.

दिवाळीनंतर तुझा फोन आला. कशी आहेस, राग गेला का, काही नाही. "तुझ्याकडे शिडी आहे का?" शिडी होती. तुमच्या कंपनीने कॅन्टीनची एक भिंत आठवडाभरासाठी द्यायचं कबूल केलं होतं. तू प्रत्येकीकडे जाऊन पुन्हा विचारलं होतंस, आणि ज्या हो म्हणाल्या त्यांचीच चित्रं घेतली होतीस. हात धुवायच्या बेसिनसमोर आपण ती टांगली. मी मनात म्हटलं, टॉयलेटपासून बेसिनपर्यंत प्रगती झाली.

पण ती जेवणाची सुट्टी मी विसरणार नाही. बायका ताटं घेऊन आल्या आणि ताटं हातातच राहिली. "अगं, माझी वेणी बघ कशी सुटलीये!" "ही तू? तू झोपल्यावर बरी दिसतेस गं, तोंड बंद असतं." हसून हसून एकीची आमटी जमिनीवर सांडली. पुरुष मागे उभे होते. ते आधी हसले, मग पुढे येऊन बघायला लागले. एक जण आपल्या बायकोच्या चित्रापुढे उभा राहून नुसताच घास चावत होता. मी इतकी प्रदर्शनं पाहिली, चित्रातल्या माणसाने आणि चित्र बघणाऱ्याने एकाच टेबलावर बसून जेवलेलं तेवढंच पाहिलं.

आणि ते ॲडमिनचे साहेब! हातात दह्याची वाटी घेऊन सगळ्या फळ्यांवरून फिरले आणि तुला विचारलं, "प्रत्येक चित्रात तोंडावर ऊन का?" तू म्हणालीस, "बसला पडदे नाहीत, साहेब." त्यांनी मान हलवली आणि गेले. पुढच्या महिन्यात सगळ्या बसना निळे पडदे लागले. बायकांनी तुला पेढा भरवला. तू मला फोन करून म्हणालीस, "मंजू, माझा उजेड गेला गं! आता काय निळ्या बायका काढू?"

काढल्यास. त्या निळ्या चित्रांबद्दल मी तुला कधी नीट बोलले नाही. बरी आहेत, म्हणाले. ती नुसती बरी नव्हती, ताई. ती पाहून घरी आल्यावर मला माझा कागद पुढे घेववला नाही. निळ्या कापडातून आलेल्या दुपारच्या उजेडात त्या बायका पाण्याखाली असल्यासारख्या दिसत होत्या, शांत, कुणाच्याही हाताला न लागणाऱ्या. हे तेव्हा म्हणायला हवं होतं असं नाही. आपल्यात कौतुकाची पद्धतच नव्हती. पण म्हटलं असतं तर तू काय उत्तर दिलं असतंस, याची मला फार उत्सुकता आहे.

मग तुझी तब्येत ढासळली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात मी यायची तेव्हा तू वॉर्डातल्या बायकांकडे बघत पडलेली असायचीस. मी वही आणून दिली, तर म्हणालीस, "नको. इथं कुणी झोपत नाही, नुसते डोळे मिटतात. मला फरक कळतो." शेवटच्या भेटीत तू माझा हात धरून म्हणालीस, "मंजू, त्या गॅलरीचं..." आणि तेवढ्यात भेटायची वेळ संपली म्हणून मावशी सगळ्यांना बाहेर काढायला लागल्या. मी म्हटलं, उद्या सांग. तू मान हलवलीस. पुढे काय होतं ते मला माहीत नाही. मी सगळी वाक्यं करून पाहिली. तुला वाईट वाटलं होतं, हेही बसतं. तू बरोबरच होतीस, हेही बसतं. एखादे वेळी नुसतं एवढंच असेल की त्यांनी नमुन्याला नेलेली एक फळी परत आणायची राहिली होती.

तू गेल्याचं कळल्यावर त्या बाईंचा फोन आला. निळी चित्रं त्यांनी कुणाच्या तरी फोनवर पाहिली होती. त्यांना आता तुझं मोठं प्रदर्शन करायचं आहे, सगळं दालन, सगळ्या भिंती. माणूस गेला की जागा कशी होते, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी बोलले नाही, कारण जागा मिळत होती आणि मला ती तुझ्यासाठी हवी होती. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "आणि ते खिडकीतलं चित्र? आता तरी?"

प्रदीप म्हणाला, "मंजूताई, तुम्हीच ठरवा." कपाटामागे ते नव्हतं. छायाकडे असणार, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

काल ती जलदानविधीला आली होती, पांढऱ्या साडीत. सगळं उरकल्यावर मी तिला बाजूला घेतलं. तुझ्याजवळ कशाला लपवू, आज ती हो म्हणेल असं मला वाटत होतं. तू गेलीस, मन हळवं झालेलं असेल, असा माझा हिशेब होता.

"माझ्याकडंच हाय ते," ती म्हणाली. "ताईंनी सोता आनून दिलं. मी कपड्यांच्या मागं ठिवलं हुतं. सासूबाईंनी काढलं एक दिस."

"मग?"

"म्हनल्या, ही कोन गं? वळखलंच न्हाई मला. मी म्हनलं, मीच हाय. त्या खाली बसल्या, चष्मा आनायला लावला. लई येळ बघत हुत्या. मग म्हनल्या, एवढी दमतीस व्हय गं तू?" छायाने पदराने नाक पुसलं. "दुसऱ्या दिशी सकाळचा च्या त्यांनी केला. अजून करत्यात."

तरीही मी विचारलंच. तू मला ओळखतेस, मी विचारणारच होते. तिने मान हलवली.

"न्हाई, ताई. तिथं नको. ज्यांनी बघायचं हुतं त्यांनी बघितलंय."

आज सकाळी मी गॅलरीच्या बाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, निळ्यांनाच मधली भिंत देऊ. मी वाद घातला नाही. माझं मत तेच आहे, फक्त ते घेऊन भांडायला जाईन असं घर आता राहिलेलं नाही.

प्रदर्शन होणार आहे, ताई. चांगला उजेड असलेल्या, गुळगुळीत पांढऱ्या भिंतींवर. प्रदीप आईला टॅक्सीने आणणार आहे. तुझ्या लाइनवरच्या बायकांनी रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं ठरवलंय.

काल निघताना छाया पुन्हा मागे वळून आली. तिचं बोलणं ऐकू जाईल इतक्या जवळ कुणी नव्हतं, तरी आवाज खाली करून तिने मला विचारलं,

"तिथं आत जायाला तिकीट आसतं का?"

मी म्हटलं, "नाही गं. कुणीही जाऊ शकतं."

"व्हय?" ती म्हणाली. "मग येते मी."